पान उजेडात धरा

लिंबाचं एक पान तोडून आणा. लिंबाचं झाड जवळपास नसेल तर फोडणीसाठी आणलेल्या कढीपत्त्यातलं एक चालेल, बेलाचं मिळालं तर तेही चालेल. आता खिडकीपाशी जा आणि ते पान उजेडासमोर धरून बघा. घाई करू नका. आधी नुसता हिरवा रंग दिसेल, मग शिरा दिसतील, आणि मग शिरांच्या मधल्या जागेत बारीक बारीक ठिपके उजळलेले दिसतील. कोणी सुईच्या टोकानं पानभर भोकं पाडावीत तसे. पण पानावरून बोट फिरवा. भोक एकही नाही.

हे ठिपके म्हणजे तेलाच्या कुप्या आहेत. त्यांची गोष्ट मला सांगायची आहे, पण लिंबाच्या झाडावरून नाही. ती सांगायची आहे कोकण किनाऱ्यावरच्या एका झुडपावरून. त्याला कोणी पाणी घालत नाही, त्याच्या फळांचं कोणी लोणचं घालत नाही, आणि बऱ्याच लोकांना त्याचं नावही ठाऊक नसतं.

रत्नागिरीकडे माझं आजोळ आहे. घरापासून समुद्रावर उतरायला जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी आहे. पाखाडीच्या कडेला दगडाचा गडगा, आणि गडग्याला रेलून उभं असलेलं, माझ्या डोक्यापेक्षा थोडं उंच असं हे झुडूप. माझी भाची मनू दर मे महिन्यात तिथे येते. तिनं पहिल्यांदा त्याची फळं पाहिली तेव्हा ती ओरडलीच, "मावशी, बाळलिंबं!" खरंच तशीच दिसतात ती. सुपारीएवढी, गोल, सालीवर लिंबासारखेच खड्डे. मामा पायरीवर बसले होते. ते म्हणाले, "लिंब नव्हे गो ती. माकडलिंबू. तोंडात घालू नको हो."

माकडलिंबू हेच त्याचं मराठी नाव. आपल्याकडे एखादी रानातली वनस्पती ओळखीच्या वनस्पतीसारखी दिसली, पण तशी उपयोगाची वाटली नाही, की तिच्या नावामागे 'रान' लावतात किंवा एखाद्या प्राण्याला तिचं मालक करून टाकतात. रानकेळ, रानहळद ही नावं अशीच आली. म्हणजे नावातच सांगून टाकलंय, हे माणसांचं लिंबू नव्हे. मनूनं ते तोंडात घातलं नाही, आणि तुम्हीही रानातलं अनोळखी फळ घालू नका. ओळखायला डोळे, बोटं आणि नाक पुरेशी आहेत.

मनूला मी पहिलं काम दिलं ते पान उजेडात धरण्याचं. माकडलिंबाचं पान जाडसर असतं, हाताला चामड्यासारखं लागतं, वरून तुकतुकीत. टोक नीट पाहिलं तर तिथे बारीकशी खाच असते, कोणी नखानं जरासा तुकडा काढल्यासारखी. तिनं एक डोळा मिटला, पान सूर्याकडे धरलं आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "यात चांदण्या आहेत."

मग दुसरं काम. पान चुरगाळून वास घ्यायचा. वास आला लिंबाच्या पानाचाच, फक्त थोडा उग्र, रानवट.

आता या कुपीच्या आत काय चालतं ते पाहू. पान कोवळं असतं तेव्हा काही ठिकाणी पेशींचा एक छोटा पुंजका तेल बनवायला लागतो. पुंजक्याच्या मधल्या पेशी एकमेकींपासून सुटतात, काही विरून जातात आणि मध्ये एक पोकळी तयार होते. तिच्या भिंतीतल्या पेशी तेल बनवून आत सोडत राहतात. पोकळी भरते, आणि बाहेरच्या बाजूला तिच्यावर पातळ झाकण राहतं. पानाचा हिरवेपणा ज्या हरितद्रव्यामुळे असतो ते या पोकळीत नाही. तिथे फक्त स्वच्छ तेल आहे, म्हणून उजेड त्या जागेतून आरपार येतो आणि आपल्याला ठिपका चमकताना दिसतो. पान चुरगाळलं की झाकणं फुटतात, तेल उडून नाकापर्यंत येतं. पान तसंच राहू दिलं तर वास फारसा येत नाही, कारण बाटलीचं बूच बंद असतं.

हे तेल किती तिखट असतं ते पाहायचं असेल तर संत्र्याच्या सालीवर एक प्रयोग करा. सालीतही याच कुप्या असतात, आणि पानातल्यापेक्षा मोठ्या. रबराचा फुगा चांगला ताठ फुगवा. सालीचा तुकडा फुग्याजवळ धरून दुमडा आणि पिळा, म्हणजे तेलाचे तुषार फुग्यावर उडतील. बऱ्याचदा फुगा फटकन फुटतो. सालीच्या तेलात लिमोनीन नावाचं द्रव्य असतं, ते रबराला विरघळवतं, आणि ताणलेलं रबर तेवढ्यानंही फाटतं. तोंड लांब ठेवा. हे तुषार डोळ्यात गेले तर फार झोंबतं.

आता विचार करा. रबर विरघळवणारं तेल घेऊन एक झुडूप पानोपानी हजारो कुप्या भरून का उभं आहे? कारण त्याला पळता येत नाही. गाय आली, टोळ आला, अळी आली, तरी झुडूप जागचं हलू शकत नाही. मग ते पानालाच असं बनवतं की पहिला घास घेतला की तोंड झोंबावं. चावणाऱ्याच्या दातानंच कुपी फुटते आणि तेल नेमकं त्याच्याच तोंडात जातं. आणि ते कुपीत बंद असल्यामुळे पानाला स्वतःला त्याचा त्रास होत नाही.

कुप्या असणाऱ्या वनस्पतींचं कुटुंब मोठं आहे. लिंबू, संत्रं, पपनस, बेल, कवठ, कढीपत्ता, कुंती ही सगळी एका कुळातली. जगभर या कुळात सुमारे २००० जाती आहेत. कुळाचं शास्त्रीय नाव रुटेसी, आणि ते आलंय 'रुटा'वरून. रुटा म्हणजे आपली सताप. ज्यांच्या घरी सतापीची कुंडी असेल त्यांना तिचा वास सांगायला नको. बेलाची त्रिदळं, कढीपत्त्याच्या काडीवरची दोन्हीकडची बारकी पानं, लिंबाचं सुटं एकच पान, ही वरून पाहिली तर एकमेकांची नातेवाईक वाटतही नाहीत. पण लिंबाचं पान देठाशी नीट पाहा. देठ आणि पान यांच्यामध्ये एक सांधा दिसेल. पपनसाच्या पानात तर देठालाच दोन रुंद पंख असतात आणि त्यांच्यावर सांधा अगदी उठून दिसतो. वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात की लिंबाच्या पूर्वजांचं पान बेलासारखं अनेक दळांचं होतं, बाकीची दळं गेली, एकच राहिलं, आणि सांधा त्याची आठवण म्हणून उरला. मला हे फार आवडतं. पानावर घराण्याचा इतिहास असा कोरलेला असतो.

माकडलिंबू या घराण्यात लिंबाच्या फार जवळचं. शास्त्रीय नाव अटलांशिया रेसिमोसा. 'रेसिमोसा' म्हणजे घोसांनी फुलणारं, आणि त्याची छोटी, पांढरी, सुवासिक फुलं खरोखरच घोसानं येतात. 'अटलांशिया' हे नाव मात्र ग्रीक गोष्टीतून आलंय. अटलांटा नावाची एक मुलगी वाऱ्यासारखी धावायची, तिला कोणी हरवू शकत नसे. एका तरुणानं तिच्याशी शर्यत लावली आणि धावताना वाटेत सोन्याची फळं टाकत गेला. ती फळं उचलायला ती थांबली, आणि हरली. पिवळ्या गोल फळांच्या झाडाला तिचं नाव मिळालं ते असं.

हे नाव १८०५ मध्ये ज्यानं दिलं तो पोर्तुगीज वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणजे जुझे कोरिया दा सेरा. हा माणूस भारतात कधी आला नाही, पण आपल्या बेलाचं शास्त्रीय नावही त्याचंच. त्याच्या आधी लिनीयसनं बेलाला वायवर्णाच्या भाऊबंदांत बसवलं होतं. कोरियानं १८०० मध्ये तो वेगळा काढला आणि त्याला 'इगल' हे नाव दिलं. इगल हीसुद्धा ग्रीक गोष्टीतलीच, सोनेरी फळांच्या बागेची राखण करणारी. म्हणजे आपण श्रावणात ज्याची पानं वाहतो ते झाड आणि पाखाडीवरचं माकडलिंबू, दोघांचं बारसं एकाच माणसानं केलं.

पुढे गंमत अशी की त्याचं स्वतःचं नावही एका झुडपाला मिळालंय, आणि तेही याच कुळातल्या, समुद्रकाठच्याच. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय किनाऱ्यावर आणि टास्मानियात वाळूच्या टेकड्यांवर, खडकांवर कोरिया अल्बा नावाचं सदाहरित झुडूप वाढतं. पानं गोलसर, जाड, आणि खालच्या बाजूला पांढुरकी लव. फुलं चार पाकळ्यांची, मेणासारखी पांढरी. समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याला ते तोंड देतं, म्हणून तिकडे किनाऱ्यावरच्या बागांमध्ये मुद्दाम लावतात.

खारा वारा झाडाला का त्रास देतो, हेही पाहण्यासारखं आहे. काकडीच्या फोडीवर मीठ घातलं की थोड्या वेळानं पाणी सुटतं ना? मीठ फोडीतलं पाणी बाहेर ओढतं. लाटा फुटताना उडालेले खारट तुषार वाऱ्याबरोबर येऊन पानावर बसतात तेव्हा ते पानाशी तेच करू पाहतात. कोरियाच्या पानांचा जाडपणा आणि खालची लव त्याला इथे उपयोगी पडतात. पानाला श्वास घेण्यासाठी बारीक छिद्रं असतात आणि त्यांतून पाणीही वाफ होऊन जात असतं. लव असली की छिद्रांपाशी हवा अडून राहते, वारा तिथलं पाणी सहज पळवू शकत नाही. माकडलिंबाच्या पानाला अशी लव नाही. त्याच्याजवळ आहे तो वरचा तुकतुकीत मेणाचा थर.

आणि त्या मेणाला कोकणात दोन्हीकडून काम असतं. आजोळच्या भागात चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मग ऑक्टोबर सरला की पुढच्या जूनपर्यंत जवळजवळ थेंब नाही. जांभ्याच्या कातळात पाणी थांबत नाही, ते झिरपून खाली जातं. म्हणजे या झुडपाला पावसाळ्यात पानावरचं पाणी झटकून टाकायचं असतं आणि उन्हाळ्यात आतलं पाणी धरून ठेवायचं असतं. मेणाचा थर दोन्ही करतो. पावसात पानावर थेंब ठरत नाहीत, एप्रिलच्या उन्हात पानातला ओलावा वरच्या बाजूनं उडत नाही.

पांगारा, काटेसावर यांची रीत वेगळी. पाणी आटलं की ती सगळी पानं टाकून देतात. त्यांची पानं पातळ असतात, लवकर होतात, टाकायला जड जात नाही. माकडलिंबाचं पान जाड, मेण आणि तेल घालून बनवलेलं. ते तयार करायला झुडपाला पुष्कळ खर्च येतो. एवढ्या खर्चाची वस्तू कोणी चार महिन्यांत फेकून देईल का? म्हणून ते पान बराच काळ वापरतं. 'सदाहरित' म्हणजे पानं कधीच गळत नाहीत असं नाही. ती गळतात, पण एकेक, पाळीपाळीनं. झुडपाखाली वाकून पाहिलंत तर पिवळी पडलेली पानं सापडतात. वर पाहिलं तर ते हिरवंच.

फळाबद्दल थोडंच सांगते. लिंबू आडवं कापल्यावर फोडी दिसतात आणि फोडीत रसाच्या पिशव्या. त्या पिशव्या म्हणजे फोडीच्या आतल्या भिंतीवर उगवलेले केस असतात, रसानं टम्म फुगलेले. माकडलिंबाच्या छोट्या फळातही तशाच पिशव्या असतात, पण फार थोड्या, बाकी सगळी बी. म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला लिंबाचा जुन्या वळणाचा चुलता समजतात. २०२३ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी लिंबू-संत्र्यांचे आणि त्यांच्या रानातल्या नातलगांचे जनुकसंच ताडून पाहिले. या सगळ्या गोतावळ्याचा उगम भारतीय भूखंडावर झाला आणि भूखंड आशियाला येऊन भिडल्यावर तो पुढे पसरला, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आज आपण खातो त्या लिंबू-संत्र्यांची घडण पुढे चीनच्या बाजूला झाली.

आता राहिली ती सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. एवढ्या तिखट कुप्या भरून ठेवल्या, तरी माकडलिंबाची पानं कुरतडलेली दिसतातच. कोण खातं ती?

नीलवंत नावाचं फुलपाखरू तुम्ही पाहिलं असेल. इंग्रजीत ब्ल्यू मॉर्मन. काळेभोर पंख, मागच्या पंखांवर निळा रंग आणि त्यात काळे ठिपके. पंख पसरले की १२ ते १५ सेंटीमीटर भरतात, म्हणजे तुमच्या तळहातापेक्षा मोठं. २०१५ मध्ये महाराष्ट्रानं त्याला राज्याचं फुलपाखरू ठरवलं. हे नीलवंत मध पितं कुठल्याही फुलाचा, पण अंडी घालायला त्याला लिंबाच्याच कुळातलं झाड लागतं. माकडलिंबू त्याचं ठरलेलं झाड.

मादीला झाड ओळखू येतं ते पायांनी. तिच्या पुढच्या पायांना चव कळते. ती पानावर बसते आणि पुढचे पाय पानावर भराभर आपटते, तबल्यावर बोटं वाजवावीत तशी. पानाच्या पृष्ठभागावर आलेल्या रसायनांची चव घेते. जपानमध्ये लिंबाच्या कुळावरच वाढणाऱ्या तिच्या एका नातलगावर प्रयोग झाले तेव्हा दिसलं की एकट्या रसायनानं मादी फसत नाही. अनेक द्रव्यं एकत्र असतील तरच ती अंडं घालते. चव पटली नाही तर ती उडून पुढच्या झुडपाकडे जाते. पटली तर एक अंडं चिकटवते. बहुधा एकच.

अंड्यातून अळी बाहेर येते ती काळपट, मध्ये पांढरा पट्टा, ओलसर चकाकणारी. मनूनं पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती म्हणाली, "शी, पक्षी शिटलाय." पक्ष्यालाही तसंच वाटावं यासाठीच तर ते रूप. अळी मोठी होत जाते, कात टाकते, आणि शेवटच्या वेळी पानासारखी हिरवीगार होते. तेव्हा ती शिटेएवढी राहिलेली नसते, म्हणून सोंग बदलावं लागतं.

आम्ही त्या हिरव्या अळीला गवताच्या काडीनं अगदी हलकेच डोक्यामागे स्पर्श केला. एका क्षणात तिच्या डोक्यामागून लालसर, ओली, दोन टोकांची शिंगं बाहेर आली, सापाच्या जिभेसारखी, आणि त्याबरोबर आंबलेल्या फळासारखा उग्र वास. मनू दोन पायऱ्या मागे सरकली. शिंगं हळूहळू आत गेली आणि अळी पुन्हा पान खायला लागली. हे एकदाच करा. पुन्हा पुन्हा डिवचलं तर तिचा वास खर्ची पडतो आणि खरा शत्रू आला तेव्हा तिच्याजवळ काही उरत नाही.

जे तेल सगळ्यांना दूर ठेवण्यासाठी बनलं, त्याला या अळीचं पोट सरावलंय. तिच्या शरीरात त्या रसायनांची मोडतोड करणारी यंत्रणा आहे. बाकीचे बहुतेक किडे ज्या ताटाला तोंड लावत नाहीत ते ताट तिला मिळतं. झुडपानं लावलेली 'आत येऊ नका' ही पाटी नीलवंताला घराच्या पत्त्यासारखी वाचता येते.

मुंबई-पुण्यात माकडलिंबू सापडणार नाही असं म्हणू नका, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शोधा. पण एवढ्या लांबही जायला नको. गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या कुंडीत 'पक्ष्याची शीट' दिसली तर पुसून टाकायच्या आधी थांबा आणि ती हलते का पाहा. तुमच्याकडे बहुधा नीलवंताची चुलत बहीण, पिवळ्या-काळ्या ठिपक्यांचं लिंबाचं फुलपाखरू येत असेल. तिची अळी पाचसहा पानं खाईल. आईला सांगून ठेवा, भाजीवाल्याकडून दहा रुपयांचा कढीपत्ता जास्तीचा आणा आणि कुंडीतला तिला राहू द्या.

गेल्या वर्षी आजोळची पाखाडी रुंद केली. आंबा-काजूच्या बागेत बेणणी करतात तशी कडेची सगळी झुडपं साफ केली, आणि त्यात माकडलिंबूही गेलं. कापणाऱ्याला ते निव्वळ रान वाटलं. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. कितीतरी वर्षं ते तिथे होतं, माझ्या आईनंही त्याची फळं गोट्या म्हणून खेळायला घेतली होती. आम्ही मामांना सांगून त्याचा वीतभर बुंधा तेवढा राखला, भोवती दगड लावले.

दिवाळीत मनू आली. बुंध्यातून पाचसहा धुमारे फुटले होते, पानं कोवळी, तांबूस झाक असलेली. तिनं एक पान तोडायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. पानाच्या कडेला मोहरीच्या दाण्याएवढं फिकट पिवळं अंडं होतं. मग ती पायरीवर आडवी झाली, डोकं धुमाऱ्याखाली घातलं आणि पान झाडावरच ठेवून खालून उजेडाकडे पाहायला लागली.